दिवेलागणीला घरात कोणी नसेल, तर घरचे संस्कार कधी आणि कसे करायचे?

तुम्ही विचारले आहे की, पती-पत्नी दोघेही नोकरीसाठी दिवसभर बाहेर, मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा, घर ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर आणि सासूबाई वर्षातले चारच महिने गावाहून येणार, अशा घरात आपल्या घरचे संस्कार रोजच्या धावपळीत मुलांवर कसे करावेत, आणि मुलीला रविवारच्या संस्कारवर्गाला घालावे का. मी तुमच्याच रस्त्यावर, मानपाड्याला राहतो. माझी मुलगी आता 24 वर्षांची आहे आणि मुलगा 20 वर्षांचा. या विषयात मला जे थोडेफार कळले, त्यातले बरेचसे चुका करून कळले आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

माझे बालपण नौपाड्यातल्या एका चाळीत गेले. संध्याकाळी सात वाजता आजी देवापाशी दिवा लावायची, आम्ही हातपाय धुऊन ओळीने बसायचो, शुभंकरोति व्हायचे आणि मग परवचा. आमच्या घरातून आवाज आला की शेजारच्या घरातून यायचा, आणि तीसपर्यंतचे पाढे गॅलरीभर घुमायचे. यात कोणी कोणाला संस्कार दिल्याचे मला आठवत नाही. त्या वेळी खेळायला खाली कोणीच उरत नसे, दिवा लावणारी आजी घरात असे आणि वडील कारखान्यातून साडेपाचलाच परतलेले असत. घराची घडीच अशी होती की, त्या वेळी दुसरे काही करायला जागाच नव्हती.

मानपाड्याच्या टॉवरमध्ये राहायला आल्यावर, मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा, मी तोच नियम घरात लावला. फरक एवढाच होता की, सात वाजता मी स्वतः घाटकोपर आणि मुलुंडच्या मध्ये कुठेतरी लोकलच्या दांडीला लटकलेला असे, आणि ठाणे स्थानकाबाहेरच्या बसच्या रांगेतून घरी पोहोचेपर्यंत साडेआठ वाजत. म्हणून मी गाडीतूनच फोन करायचो आणि विचारायचो, "शुभंकरोति झाले का?" पलीकडून "हो" यायचे. हे पाच-सहा महिने चालले. मग एकदा मुलीला सांभाळणाऱ्या मावशींनी संकोचत सांगितले की, दिवा कधीच लागत नाही. ताई टीव्हीचा आवाज बंद करते, फोनवर हो म्हणते आणि आवाज पुन्हा सुरू करते. मी खूप चिडलो, पाच वर्षांचे मूल इतके सफाईदार खोटे कसे बोलू शकते म्हणून हळहळलो. पत्नी म्हणाली, "तू तिला रोज सातला परीक्षेला बसवतोस आणि पेपर तपासायला घरी नसतोस. दुसरे काय होणार?"

मग आम्ही दिवा रात्री नऊला, ताटे मांडण्याआधी लावायला सुरुवात केली. माझ्या आईला ते मुळीच पटले नाही. दिवेलागण नऊला असते का, असे ती आल्या-गेल्याला विचारत असे. पण नऊला आम्ही चौघे आणि ती असे सगळे घरात असायचो, आणि कोणाला फोन करून विचारायची गरज उरली नाही. पंधरा दिवसांनी आईही येऊन बसू लागली, आणि तिचा आवाज सगळ्यांत वरचा असायचा.

हे आठवले की मला नेहमी आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातले एक उदाहरण सुचते. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ या कामात त्यांच्याबरोबर होत्या. (ही दोन्ही गावे 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहेत.) आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात, हे लक्षात आल्यावर या बायांनी मुलांना दोष दिला नाही, त्यांनी शाळाच गुरांमागे कुरणात नेली आणि तिला नाव दिले कुरणशाळा. तुमच्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर हेच आहे. तुमच्या लहानपणी जी वेळ होती, त्या वेळेचा हट्ट धरू नका; तुमच्या मुलांच्या आजच्या दिवसात तुम्ही स्वतः कुठे हजर असता ते आधी कागदावर लिहून काढा, मग ते शाळेच्या बसची वाट पाहण्याचे बारा मिनिटे का असेनात, आणि जे काही रुजवायचे आहे ते तिथे न्या.

दुसरी गोष्ट म्हणजे, घरातली रीत आणि घरातले मूल्य यांची गल्लत होऊ देऊ नका. आमचा गणपती संगमेश्वरजवळच्या गावी असायचा. गावचे घर बंद झाल्यावर तो ठाण्याला आला. नदीऐवजी महापालिकेच्या कृत्रिम तलावात विसर्जन करायचे हे आईला पटायला तीन वर्षे लागली. पण गणपतीला सगळी चुलत भावंडे एका छताखाली यावीत आणि कामे वाटून घ्यावीत, यात मात्र आम्ही एका वर्षाचीही सूट दिली नाही. रीत जागेप्रमाणे वाकते. मूल्ये सांभाळायची तर ती थोडीच निवडावी लागतात, कारण प्रत्येकाचा खर्च रोज कोणाला तरी करावा लागतो.

अशीच एक गोष्ट आम्ही वडिलांकडून उचलली आणि ती आजही चालू आहे. दारात जो कोणी येईल, त्याला पाणी विचारायचे, हा त्यांचा नेम होता: पोस्टमन असो, गॅसचा सिलिंडर आणणारा असो, की चुकून बेल वाजवणारा अनोळखी माणूस. आम्ही दाराजवळच्या कपाटावर तांब्या-भांडे ठेवले आणि ते भरून ठेवणे हे मुलांचे काम ठरवले. पुढे घरपोच सामान आणणाऱ्यांची वर्दळ वाढली, तेव्हा पाणीही वाढले. एका मे महिन्यात भर दुपारी एक मुलगा धान्याची पिशवी घेऊन चौदा मजले चढून आमच्या दारात आला, कारण मालवाहू लिफ्ट बंद होती आणि सामान आणणाऱ्यांनी दुसरी लिफ्ट वापरू नये, असा सोसायटीचा फलक खाली लावलेला होता. माझ्या मुलीने त्याला तीन भांडी पाणी दिले. तो गेल्यावर तिने मला विचारले, "बाबा, आपण याला पाणी देतो आणि लिफ्ट का देत नाही?"

मी उत्तर दिले नाही, कारण फलक लावण्याच्या ठरावाला दोन वर्षांपूर्वी मीही हात वर केला होता. त्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी तो फलक काढण्याची सूचना मांडली आणि सपशेल हरलो. माझ्या बाजूने मला धरून पाच हात वर झाले. मुलगी मागच्या खुर्चीवर बसून सगळे पाहत होती. पुढच्या वर्षी पुन्हा मांडली आणि पुन्हा हरलो. तिसऱ्या वर्षी, मालवाहू लिफ्ट बंद असेल तेव्हा कोणीही कोणतीही लिफ्ट वापरावी, एवढे मान्य झाले. फलक अजून आहे. त्याखाली एक ओळ वाढली आहे.

आता जे सांगायला मला लाज वाटते, तेही सांगतो. जेवण झाले की प्रत्येकाने आपले ताट उचलून, खरकटे काढून मोरीत ठेवायचे, असा आमच्याकडे नियम होता आणि मुलगा तीन वर्षांचा असल्यापासून तो तुरुतुरु चालत ते करायचा. सहा वर्षांचा झाल्यावर एके दिवशी तो ताट तसेच ठेवून उठला. का म्हणून विचारले तर म्हणाला, "मी आता मोठा झालो." मला पहिल्यांदा कळलेच नाही. मग टेबलाकडे पाहिले, तर दोनच ताटे उरली होती, एक त्याचे आणि एक माझे. माझे ताट पत्नी आपल्याबरोबर उचलते, हे इतक्या वर्षांत मला जाणवले नव्हते. त्याला जाणवले होते, आणि मोठा पुरुष होणे म्हणजे काय, याचा त्याने आपल्यापुरता हिशेब केला होता.

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1961 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 72 लहान मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काही मुलांसमोर एक मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुलीला मारतो आणि तिला काहीबाही बोलतो. पुढे त्या मुलांना तशीच बाहुली दिल्यावर त्यांतली बरीच मुले तसेच फटके मारतात, इतकेच नव्हे तर तेच शब्दही उच्चारतात. त्यांना असे कर म्हणून कोणीही सांगितलेले नव्हते. मला तो प्रयोग वाचायची गरज नव्हती, कारण माझ्याकडे ते ताट होते. त्या रात्रीपासून माझे ताट मी उचलतो, आणि रविवारची भांडीही माझ्याकडे आली. यात तुमच्या यजमानांसाठी काही असेल, तर त्यांना हे वाचायला द्या.

सासूबाईंविषयी. त्या चार महिने येतात, म्हणून त्या चार महिन्यांत सगळे संस्कार उरकून घेण्याचा मोह होतो, आणि मग त्यांना मुलांच्या मागे शिक्षिकेसारखे फिरावे लागते. त्यांनाही ते नको असते. त्यापेक्षा त्यांना आणि नातीला मिळून एखादे हातकाम द्या. माझी आई मुलीला घेऊन कापसाच्या वाती वळायची, मेथी निवडायची, आणि त्या अर्ध्या तासात कोणता काका कोणाशी का बोलत नाही इथपासून दुष्काळात पणजीने दागिने कसे मोडले इथपर्यंत सगळे बोलणे व्हायचे. आमच्या घराण्याचा इतिहास माझ्यापेक्षा माझ्या मुलीला जास्त ठाऊक आहे. मतभेद होतीलच. मुलाला भांडी कशाला घासायला लावतेस, असे माझ्या आईने पत्नीला एकदा ऐकवले होते. पत्नीने मुलांसमोर उत्तर दिले नाही, नियमही बदलला नाही, आणि रात्री मी आईशी बोललो. आईशी बोलायचे काम मुलानेच करावे, सुनेवर टाकू नये, एवढे मात्र निश्चित.

संस्कारवर्गाचे म्हणाल तर मी मुलीला एक वर्ष पाठवले होते. पाठांतर उत्तम झाले, ण आणि ळ स्वच्छ झाले, ओळखी झाल्या. वागण्यात फरक पडावा अशी माझी अपेक्षा होती, ती चुकीची होती. वर्गाने त्याचे काम केले होते, घराचे काम त्याला सांगणारा मीच होतो. मुलीला आवडत असेल तर जरूर पाठवा. पण रविवार हा सगळे घर एकत्र असण्याचा तुमचा एकमेव दिवस असेल, तर त्यातला दीड तास वर्गाला आणि येण्याजाण्याला देण्याआधी दोनदा विचार करा. आम्ही पुढच्या वर्षी तो वर्ग सोडला आणि शनिवारी संध्याकाळी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊ लागलो. 1893 पासून चालू असलेली ही संस्था आहे. तिथून पुस्तके घ्यायची, तलावपाळीला एक फेरी मारायची आणि बसने परत यायचे. बसमध्ये कोणाला जागा द्यायची आणि कोणाला नाही, यावर दोन्ही मुलांचे दर शनिवारी भांडण व्हायचे, आणि ते मी मुद्दाम मिटवत नसे.

मुलगी सात वर्षांची आहे, तिच्याशी तुम्हाला बोलता येईल. चार वर्षांच्या मुलाशी बोलून फारसे काही होणार नाही, त्याला काम हवे असते. त्याच्या हाताला पोहोचेल अशा उंचीवर, दाराजवळ, पाण्याचा लहान तांब्या आणि एक भांडे ठेवा. पहिले काही आठवडे तो निम्मे पाणी पाहुण्याच्या पायावर सांडेल, म्हणून शेजारीच एक फडकेही ठेवा, आणि ते फडके त्याचेच आहे, हे त्याला पहिल्या दिवशीच दाखवा.