मिनर्व्हा ओळखताना घाई नको

जुन्या कोरीव छापचित्रात नुसतं शिरस्त्राण दिसलं म्हणून लगेच ती रोमन ज्ञानदेवता मिनर्व्हा आहे असं ठरवू नका. युद्धदेवता बेलोनाही तेच घालते. घुबड शोधा, छातीवर किंवा ढालीवर मेडुसाचं, म्हणजे केसांच्या जागी साप असलेल्या राक्षसीचं, मुंडकं दिसतं का ते भिंगातून पाहा. भाला डाव्या हातात असेल तर गोंधळू नका, छापताना चित्र उलटं होतं.

सुरुवात चित्रकार डॅनिएल खोडोविएत्स्कीच्या 1791 च्या छापचित्रापासून करा. तिथे मिनर्व्हा वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांना आपल्या आश्रयाला घेते. माझं अतिशय आवडतं! एवढ्याशा कागदावर केवढी माया.

आणि हो, खालच्या कडेची बारीक अक्षरं वाचाच. ज्या नावापुढे लॅटिन 'डेलिनेआविट' असतं तो रेखाटणारा, ज्यापुढे 'स्कल्प्सिट' तो कोरणारा. पुष्कळदा ही दोन वेगळी माणसं असतात.