कूलंटला मराठीत काय म्हणायचं? आधी ‘निवणं’ आठवा

ताई, तुम्ही विचारलंत की मुलीने अणुभट्टीच्या प्रोजेक्टमधे लिक्विड मेटल कूलंटला ‘थंडावा देणारा द्रव धातू’ लिहिलंय ते चालेल का. द्रव धातू एकदम बरोबर, पण थंडावा नको हो. कल्पाक्कमच्या 500 मेगावॅटच्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीत, आराखड्यानुसार, वितळलेलं सोडियम साधारण 400 अंशाचं आत शिरतं आणि 550 च्या आसपास होऊन बाहेर येतं, त्याला थंड कुठल्या तोंडाने म्हणायचं! शीतक हा शब्द पुस्तकी म्हणून ठीक आहे (हिंदीत शीतलक), पण त्यातही शीत आलंच.

आपल्याकडे निवणं, निववणं आहे ना. आपण इंदूरवाले हिंदीच्या नादात सगळंच ‘ठंडं’ करायला लागलो, पण माझी आजी बशीत चहा ओतून म्हणायची, जरा निवू दे. थंड चहा तिला अजिबात चालायचा नाही, तिला फक्त जीभ न पोळणारा हवा असायचा. आपल्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात कढईतलं दूध या ग्लासातून त्या ग्लासात उंचावरून ओततात तेही निववणंच, दूध शेवटपर्यंत गरमच असतं. सोडियम भट्टीचं हेच करतं, तिची उष्णता उचलून पुढे नेतं. ते 98 अंशाला वितळतं आणि उकळतं थेट 883 ला, म्हणून पाण्यासारखं प्रचंड दाबाखाली कोंडावं लागत नाही, सेफ्टीच्या दृष्टीने हा मोठा फायदा. धोका आहे तो गळतीचा, कारण गरम सोडियम हवेत पेटतं आणि पाणी लागलं तर हायड्रोजन सुटतो, जपानच्या मोंजू भट्टीत 1995 ला अशीच गळती होऊन आग लागली होती.

आणि मला हा शब्द हवाच वाटतो तो आणखी एका कारणाने. भट्टी ‘बंद झाली’ आणि ‘निवली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चूल विझवली तरी निखारे कितीतरी वेळ निवत नाहीत, तसंच अणू फुटत राहण्याची साखळी क्रिया थांबल्या थांबल्याही भट्टीत पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता तयार होतच असते, मग सोडियम फिरवणारे पंप बंद पडले तरी ती काढत राहावी लागते. तिथे गरम सोडियम आपोआप वर चढतं, निवलेलं खाली उतरतं, आणि हे फिरणं चालू राहतं.

तर मथळ्यात शीतक राहू द्या आणि खाली लिहा, ‘भट्टीची उष्णता वाहून नेऊन तिला निववणारा वितळलेला धातू’.