लिथियम, नवरात्राचा उपवास आणि झोप

प्रश्न : माझे पती शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. बायपोलर आजारासाठी (कधी उन्माद, कधी डिप्रेशन) लिथियम चालू आहे आणि दोन वर्षं तब्येत उत्तम आहे. आता ते म्हणतात, बरा झालोय तर गोळ्या कशाला? शिवाय नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करायचाय.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, ते बरे आहेत ते गोळ्या चालू आहेत म्हणून. लिथियम एकदम तोडलं की पुढच्या काही महिन्यांत आजार, विशेषतः उन्माद (अति उत्साहाचा, बेभान काळ), उलटण्याचा धोका फार वाढतो. कमी करायचंच ठरलं तर मनोविकारतज्ज्ञ ते किमान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन उतरवतात.

उपवासाची काळजी मात्र आम्हाला जास्त वाटते. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि त्याच्यासोबत लिथियमही. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याची पातळी तर लवकर चढते. रक्तात ती साधारण ०.६ ते ०.८ (मिलिमोल प्रति लिटर) हवी, १.५ च्या वर विषबाधेचा धोका. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न देता थेट कोल्हापूरचं सीपीआर (सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा दवाखाना गाठा. तेव्हा निर्जळी नको, अळणी नको. वरी-आमटी खाऊ दे, पण रोजच्याइतक्या मिठाची, सैंधव चालेल. अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका, त्यानंही पातळी चढते. नवरात्राआधी रक्त तपासून घ्या: शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी रक्त दिल्यावर. थायरॉइड, मूत्रपिंड आणि कॅल्शियमची तपासणी दर सहा महिन्यांनी.

जागरण तर नकोच, आणि रात्रपाळी टाळता येत असेल तर साहेबांशी बोलून बघा. तीन-चार तास झोपूनही माणूस ताजातवाना असेल, बोलणं सुसाट सुटलं असेल, उधारीवर खरेदी चालू असेल, तर दोन रात्रींहून जास्त वाट बघू नका, डॉक्टरांना फोन करा. ही लक्षणं आत्ता, ते बरे असतानाच, त्यांच्याच हातानं कागदावर लिहून घ्या. त्या दिवसांत एटीएम कार्ड कुणाकडे राहील तेही त्यात असू दे.

प्रश्न : मुलीला डिप्रेशन होतं. दोन महिन्यांत बरं वाटलं आणि तिनं गोळ्या सोडल्या. आता चक्कर येते, चिडचिड होते.
– एक आई, कागल

उत्तर : सोडल्यावर दोन-चार दिवसांत सुरू झालं असेल तर बहुधा तो गोळी अचानक तोडल्याचा त्रास आहे. आजार उलटतो तो सहसा हळूहळू, काही आठवड्यांत: झोप बिघडते, भूक मरते, कशातच मन लागत नाही. दोन्ही असो, डॉक्टरांना दाखवून गोळी पुन्हा सुरू करायची का ते ठरवा. पहिल्या वेळी बरं वाटल्यानंतरही सहा ते नऊ महिने तोच डोस चालवतात. आजार पुन्हा-पुन्हा आला असेल तर बऱ्याचदा दोन वर्षं किंवा जास्त. मध्येच कधी विनाकारण उत्साहाचे, कमी झोपेचे दिवस येऊन गेले असतील तर तेही सांगा, कारण बायपोलरमध्ये नुसती डिप्रेशनची गोळी उन्माद आणू शकते. ‘जगून काय उपयोग’ असं बोलली तर तिला एकटं ठेवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत चालतो.