छंद आहे, मग निवृत्तीची धास्ती का?

'तुम्हाला काय, हातात कला आहे!' निवृत्तीला टेकलेल्या माणसाला एखादा छंद असला की जो तो हेच ऐकवतो. मग धास्ती वाटत असली तरी बोलून दाखवायची चोरी. माझ्याकडे सल्ल्यासाठी असे बरेच जण येतात. कुणी पेटी वाजवतं, कुणी गच्चीत बाग करतं. मुलुंडचे हे गृहस्थ सुतारकाम करतात. (ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.)

राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी, साठी पूर्ण व्हायला दीड वर्ष बाकी. लहानपण गिरगावातलं, चाळीखालच्या सुताराच्या दुकानात बसून रंधा धरायला शिकले. आता घराच्या बाल्कनीत त्यांचं बाकडं आहे. लाकूड घेतात तेही जुनं, पाडलेल्या चाळींमधले बर्मा सागाचे वासे, रे रोडच्या वखारीतून. हत्यारं नागदेवी स्ट्रीटची. पहिल्या भेटीत बोलता बोलता त्यांचा अंगठा माझ्या टेबलाच्या कडेवरून फिरत होता. म्हणाले, 'पट्टी सुटलीय. फेव्हिकॉल लावून रात्रभर दाबून ठेवा.' आणि त्याच दमात, 'मॅडम, रविवारी संध्याकाळी पटाशी खाली ठेवताना जिवावर येतं. पण आता रोजच रविवार म्हटलं की पोटात गोळा येतो. असं कसं?'

असं बहुतेकांचं होतं. हा छंद नोकरीच्या फटीत वाढलेला असतो. आठवडाभर लोकलमध्ये उभ्या उभ्या मनात आखलेलं कपाट रविवारी प्रत्यक्षात उतरतं. आखणी आठवडाभराची आणि हातकाम एका दिवसाचं, हे प्रमाण उलटं झालं तर काय होईल हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यांनाही नव्हतं. म्हणून मी म्हटलं, एक आठवडा रजा टाका. गावाला जायचं नाही, लग्नकार्य नाही. निवृत्त झाल्यासारखे घरी राहा आणि रोज रात्री चार ओळी लिहा.

वही घेऊन आले तेव्हा चेहरा पडलेला होता. सोमवार, मंगळवार झकास. बुधवारी खांदा धरला. गुरुवारी दुपारी दीडला त्यांनी शाखेत फोन करून एका कर्जखात्याची चौकशी केली, जिची काहीच गरज नव्हती. ही नोंद मला सगळ्यात बोलकी वाटली. दीड ही डबा खायची वेळ. बँकेचं काम त्यांना अजिबात आठवत नव्हतं. आठवत होती ती डब्याची पंगत, आणि 'साहेब, हे जरा बघता का' म्हणणारी माणसं. बाल्कनीत लाकडाशी एकट्यानेच बोलावं लागतं.

दुसऱ्या भेटीला पत्नी आल्या. त्यांनी एका वाक्यात विषय संपवला. 'यांचा रविवार मी इतकी वर्षं झाडत आले, आता सातही वार झाडायचे का?' गृहस्थ हसले. मला हसू आलं नाही, कारण बाईंना दम्याचा त्रास होता. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगकारक ठरलेल्या पहिल्या गटात टाकलंय. रविवारच्या हौशीने घाबरून जावं असं नाही, पण बंद फ्लॅटमध्ये रोज पॉलिश पेपर घासणं ही वेगळी गोष्ट. निवृत्ती नवऱ्याची असली तरी घर बायकोच्या दिनक्रमावर चालतं, आणि त्याबद्दल तिला क्वचितच कुणी विचारतं.

मग पैशांचा विषय निघाला. सोसायटीत सगळे म्हणतात, काका, आम्हाला एक देव्हारा करून द्या. त्यांच्या डोक्यात वसईला गाळा, ग्रॅच्युइटीतून टेबल सॉ (लाकूड कापायचं मशीन), अशी मोठी स्वप्नं. मी विचारलं, कधी ऑर्डर घेतलीय? एकदाच. शेजाऱ्यांच्या चपलांसाठी प्लायवूडचा रॅक, वर सनमायका, दिवाळीआधी हवा. 'ते पंधरा दिवस बाकड्याकडे बघवत नव्हतं,' म्हणाले. अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतल्या चित्रं काढण्याची आवड असलेल्या मुलांवर केलेला प्रयोग मी त्यांना सांगितला. चित्राबद्दल बक्षीस मिळेल असं ज्या मुलांना आधी सांगितलं होतं, ती नंतर मोकळ्या वेळात रंगांकडे कमी वळली. प्रत्येकाचं तसं होतंच असं नाही. सुखाने ऑर्डरी घेणारे निवृत्त लोकही मी पाहिलेत. पण यांचा चपलांचा रॅक माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

तोडगा त्यांनीच काढला. भांडुपला एका सुताराचं दुकान आहे, ओळखीचं. शनिवारी सकाळी तिथे जायचं, धुळीचं सगळं काम तिथेच करायचं, बदल्यात त्याचा हिशेब आणि जीएसटीची कागदपत्रं बघून द्यायची. बाल्कनीत फक्त आखणी, जुळणी, पॉलिश. सुतार दिवसभर प्लायवूड कापतो आणि खिळ्याशिवाय सांधा बसवायला यांना अर्धा दिवस लागतो म्हणून चेष्टा करतो. यांना राग येतो, आणि पुढच्या शनिवारी हे पुन्हा जातात. दुकानातली पोरं आता 'साहेब, माप बघा' म्हणू लागलीत. निवृत्तीनंतर शनिवारचे तीन दिवस करायचे ठरतंय. बाईंची अट एकच, दुपारी जेवायला घरी.

वसईचा गाळा मात्र सुटलेला नाही. रॉबर्ट ॲचली या समाजशास्त्रज्ञाने निवृत्तीचे टप्पे मांडताना सुरुवातीला मधुचंद्राचा काळ आणि त्यामागून येणारा भ्रमनिरास सांगितलाय. मोठे चेक या मधुचंद्रातच फाडले जातात. म्हणून माझं म्हणणं, ग्रॅच्युइटी हातात आल्यावर सहा महिने एकही मशीन घ्यायचं नाही. त्यांना ते पटलेलं नाही. पुढच्या भेटीला ते टेबल सॉचं कोटेशन घेऊन येणार आहेत, आणि बाई त्यांच्यासोबत येणार आहेत.