लग्न तीन आठवड्यांवर आलंय, स्किन तेलकट आहे आणि मधेमधे पिंपल्स येतात, तर कोणतं फेशियल करू?

आधी स्किन नीट ओळख गं. साध्या फेसवॉशने तोंड धू, काहीही न लावता तासभर थांब आणि मग टिशू कपाळावर, नाकावर, गालावर दाबून बघ, सगळीकडे तेलाचे डाग आले तर ऑइली, फक्त कपाळ-नाकावर आले तर कॉम्बिनेशन.

आता पार्लरवाली गोल्ड नाहीतर डायमंड घे म्हणेल, पण पिकलेले पिंपल्स असतील तर क्रीमचा मसाज आणि स्क्रब अजिबात नको, स्क्रबने ते फुटतात आणि डाग मागे राहतात. माझ्या बहिणीने हळदीच्या आदल्या दिवशी फेशियल आणि ब्लीच दोन्ही केलं, सकाळी हनुवटीवर लाल पुरळ, हळद लावली तेव्हा रडत होती बिचारी.

तू साधं क्लीनअप कर, तेही आत्ताच, म्हणजे काही झालंच तर बरं व्हायला वेळ मिळेल. रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन A चं क्रीम किंवा सीरम, लावत असशील तर क्लीनअपच्या चारपाच दिवस आधी बंद कर. ब्लीच करायचंच असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून 24 तास बघ. पिंपल्स दुखरे, मोठे असतील तर पार्लर राहू दे, सरळ स्किनच्या डॉक्टरांकडे जा. आणि सनस्क्रीन रोज लाव हं!