पृथ्वीचे चित्र खरे वाटावे यासाठी

तुम्ही ब्लेंडर या त्रिमितीय चित्रे करण्याच्या संगणक-प्रणालीत अवकाशातून दिसणारी पृथ्वी करायला घेतली असेल, तर सर्वांत आधी वातावरणाच्या जाडीकडे लक्ष द्यावे. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे आणि अवकाशाची सीमा साधारण १०० किलोमीटर उंचीवर मानली जाते. त्यामुळे गोलाभोवतीची निळी कडा त्रिज्येच्या दीड टक्क्याच्या आसपासच असावी, ती पृष्ठभागालगत दाट आणि वर जाताना विरळ होत जावी, आणि रात्रीच्या बाजूला जवळजवळ नाहीशी व्हावी. सर्वत्र सारखेच चमकणारे जाड वलय चित्राचा सगळा खरेपणा घालवते, असे माझे ठाम मत आहे.

डोंगरांचा उठावही आवरता घ्यावा, कारण एव्हरेस्टची उंची त्रिज्येच्या सातशेव्या भागाहूनही थोडी कमी आहे.

प्रकाश एकट्या सूर्याचा ठेवावा. अंधारी बाजू उजळण्यासाठी दुसरा दिवा लावण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी ७ डिसेंबर १९७२ रोजी टिपलेल्या पृथ्वीच्या छायाचित्रात तारे दिसत नाहीत, कारण उजळलेल्या पृथ्वीसाठी ठेवलेल्या अल्प एक्स्पोजरमध्ये (कॅमेऱ्यात प्रकाश येऊ देण्याच्या वेळात) ते उमटत नाहीत. तुमचीही पार्श्वभूमी तशीच काळी असू द्यावी.

गोलावर चढवण्यासाठी नासाचे ‘ब्लू मार्बल’ हे उपग्रह-चित्रांवरून केलेले पृथ्वीचे नकाशे वापरणार असाल, तर ढगांचा थर जमिनीपासून वेगळा ठेवावा, म्हणजे दिवस-रात्रीच्या सीमेजवळ त्यांच्या सावल्या लांब पडतील. समुद्राला चकाकी द्यावी, जमिनीला मात्र देऊ नये.