गिंबल घ्या, पण चातुर्मास संपल्यावर

पंचवटीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय २७, चार वर्षं लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतात. कॅमेरा सोनी ए७ फोर, लेन्स २४-७० मिमी झूम. गिंबल, म्हणजे चालतानाही कॅमेरा स्थिर धरणारा मोटरचा दांडा, भाड्याने आणतात, दिवसाला ९०० रुपये. गेल्या सीझनमध्ये ३८ दिवस आणलं. आता एम. जी. रोडवरच्या दुकानातून त्यांनी डीजेआय कंपनीच्या आरएस ४ गिंबलच्या मोठ्या, प्रो मॉडेलचं कोटेशन घेतलंय. त्यात फॉलो फोकस (लेन्सचा फोकस फिरवायची जोडणी), वायरलेस ट्रान्समीटर (कॅमेऱ्यातलं चित्र दूरच्या स्क्रीनवर पाठवणारा), जादा ग्रिप, बॅग असं सगळं मिळून १,०८,००० रुपये. पैसे १२ हप्त्यांत, १२ टक्के फ्लॅट. हाताशी ३०,००० आहेत. ते लिहितात, "भाड्यात पैसे वाया जातात, आणि २०२७ चा सिंहस्थही येतोय. वेळ पडली तर आईची दीड लाखाची एफडी आहे. घेऊन टाकू का?"

भाड्याबद्दलचं तुमचं गणित बरोबर आहे. ३८ दिवसांचे ३४,२०० रुपये गेले, आणि त्यातून हातात काही उरलं नाही. स्वतःचं गिंबल तुम्ही घ्यावं, असंच मलाही वाटतं. माझी हरकत दोन गोष्टींना आहे: तुम्ही निवडलेला सेट आणि घ्यायची वेळ.

आधी वजनाचं पाहू. ए७ फोरची बॉडी बॅटरी आणि कार्डासकट ६५८ ग्रॅम. २४-७० जीएमची (सोनीच्या वरच्या श्रेणीतल्या लेन्सची) नवी आवृत्ती ६९५ ग्रॅम. प्लेट, माइक, फिल्टर धरून सगळं दीड-पावणेदोन किलोच्या आत बसतं. उद्या ७०-२०० जीएम टू घेतली, तरी बॉडी आणि लेन्स मिळून १ किलो ७०० ग्रॅम. डीजेआयचं आरएस ४ तीन किलो पेलतं, प्रो साडेचार. ही दीड किलोची जादा ताकद सिने कॅमेरा आणि जड लेन्ससाठी असते. तुमच्या कामात तिचा उपयोग नाही, उलट हळदीपासून रिसेप्शनपर्यंत जास्तीचं वजन मनगटांना वागवावं लागेल. कोटेशनमध्येच मधलं मॉडेल, म्हणजे साधं आरएस ४, ४५,००० ला आहे. भाड्याच्या हिशेबाने ते ५० दिवसांत वसूल होतं, म्हणजे तुमचा साधारण सव्वा सीझन. प्रो सेटला १२० दिवस लागतील, तीन सीझनहून जास्त. आरएस २ आलं २०२० मध्ये, आरएस ३ २०२२ मध्ये, आरएस ४ २०२४ मध्ये. तुमची वसुली पूर्ण व्हायच्या आत नवं मॉडेल येईल आणि जुन्याचा भाव उतरेल.

मिनी मॉडेल घेऊन आणखी पैसे वाचवायचा मोहही होईल. आरएस ३ मिनी दोन किलो पेलतं, पण तुम्ही त्या मर्यादेला अगदी टेकाल. शिवाय त्याची बॅटरी आतच बसवलेली असते. दोन-तीन वर्षांनी ती दमली की साधी बदलता येत नाही. रोज वापरायच्या वस्तूत बॅटरी काढता आलीच पाहिजे.

आता हप्ता. १,०८,००० वर १२ टक्के फ्लॅट म्हणजे १२,९६० रुपये व्याज, महिन्याला १०,०८० चा हप्ता. फ्लॅट रेटमध्ये तुम्ही फेडत गेलात तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच चालू राहतं. घटत्या शिलकीवर मांडलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. आणि मला जास्त काळजी तारखांची आहे. आत्ता मे चाललाय. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत मुहूर्त नाहीत, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. त्या चार महिन्यांत हप्त्यांचे ४०,३२० रुपये जातील आणि शूटिंगचा एक रुपया येणार नाही. अशाच महिन्यांत माणूस आईच्या एफडीकडे बघतो. एफडीवर कर्ज काढलं तर ते दुकानाच्या हप्त्यापेक्षा नक्कीच स्वस्त पडेल. तरीही ते काढू नका. ते पैसे आईंच्या आजारपणासाठी ठेवलेले आहेत, असं तुम्हीच लिहिलंय.

दुकानदार म्हणाला, टॅक्समध्ये घसारा मिळेल. तुम्ही अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने, म्हणजे उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा धरून, रिटर्न भरता. त्यात घसारा (वस्तू जुनी होत गेल्याची वजावट) आधीच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही.

सिंहस्थाचं म्हणाल तर मोठी स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात आहेत. ही गिंबलं जलरोधक नसतात, आणि रामकुंडावरच्या गर्दीत दोन्ही हात अडकवून चालणं सोपं नाही. काम येईल, मलाही तशीच आशा आहे. पण आज हातात एकही ऑर्डर नाही. त्या दिवसांत जड सेट लागलाच, तर तेवढ्यापुरता भाड्याने आणा आणि भाडं बिलात लावा.

मग करायचं काय? या मोसमाची उरलेली पाच कामं भाड्याच्याच गिंबलवर करा. प्रत्येकातून ३,००० बाजूला काढलेत की हातातले ३०,००० धरून ४५,००० होतात. पण लगेच दुकानात जाऊ नका. वॉरंटी वर्षाची असते. आषाढात घेतलं तर तिचा तिसरा हिस्सा बॅगेतच संपेल. दिवाळीच्या सुमारास ऑफरमध्ये, तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर घ्या. जीएसटीचं बिल तुमच्याच नावाने घ्या.

घेतल्यावर सांभाळण्याचं एक सांगतो, कारण दुरुस्तीचा खर्च तिथूनच सुरू होतो. गेल्या वैशाखात औरंगाबाद रोडवरच्या एका लॉन्सवर माझ्या भाचीचं लग्न होतं. शूटिंगच्या मुलाने घाईत लेन्स बदलली आणि बॅलन्स न करताच गिंबल चालू केलं. मंगलाष्टकं चालू असताना मोटर घूं घूं करू लागली, कॅमेरा एका बाजूला झुकला, आणि अक्षता पडल्या तेव्हा तो गिंबल बंद करून चालू करत होता. तो क्षण आमच्या व्हिडिओत नाही. लेन्स बदलली, फिल्टर चढवला, माइक लावला की दरवेळी बॅलन्स करा. गिंबल बंद ठेवून कॅमेरा हाताने तिरका करा आणि सोडा. सोडला तिथेच थांबला तर बॅलन्स बरोबर. कलंडला तर त्याला धरून ठेवण्यासाठी मोटर दिवसभर राबणार, तापणार आणि बॅटरी खाणार. गाडीत नेताना तिन्ही अक्षांची, म्हणजे कॅमेरा फिरतो त्या सांध्यांची, कुलपं लावा. हळद आणि गुलाल अक्षांच्या फटींत जातो, तो त्याच रात्री कोरड्या मऊ ब्रशने काढा, ओलं फडकं लावू नका. चातुर्मासात बॅटरी निम्मी चार्ज करून ठेवा, पूर्ण भरून किंवा रिकामी नको, आणि महिन्या-दीड महिन्याने बघत जा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

यासाठी दर शूटिंगमागे १५० रुपये वेगळ्या खात्यात टाका. ३८ दिवसांचे ५,७०० होतात. त्यात जादा बॅटरी येईल, विम्याचा हप्ताही निघू शकेल. विमा घेताना मात्र घराच्या पॉलिसीवर विसंबू नका. धंद्याचं सामान, आणि तेही घराबाहेर, त्यात धरलेलं आहे का, हे कागदावर लेखी विचारा.

फॉलो फोकस आणि ट्रान्समीटर पुढच्या सीझनमध्ये दोन-चार कामांना भाड्याने आणून बघा. ए७ फोरचा ऑटोफोकस लग्नाच्या कामाला पुरतो का, ते तिथेच कळेल. नाहीच पुरला, तर मला पुन्हा लिहा. सोबत त्या कामांचे आकडे पाठवा.